ओठ माझे, आवाज तिचा

डिसेंबर २०२०. अंधेरी पश्चिमेला एका इमारतीच्या तळघरातला डबिंग स्टुडिओ. माइकसमोर मी उभा होतो आणि समोरच्या पडद्यावरही मीच होतो, दहा महिन्यांपूर्वीचा. कोकणातल्या धोपाव्याच्या धक्क्यावरून फेरीबोटीत चढणाऱ्या चित्रपटातल्या वडिलांना मी म्हणत होतो, "मी घर सांभाळतो. तुम्ही जा."

वाक्य सोपं होतं. "मी घर" इथपर्यंत नीट गेलं आणि "सांभाळतो"वर आवाज फाटला. अर्धा शब्द जाड, अर्धा चिरका. पुन्हा घेतलं, पुन्हा फाटला. थोडं पाणी प्यायलो, खालच्या पट्टीत बोलून पाहिलं, मग वरच्या. अकराव्या टेकनंतर काचेपलीकडे बसलेल्या डबिंगच्या मॅडमनी बूथमध्ये बोलायचं, टॉकबॅकचं बटण दाबलं आणि काही न बोलता सोडून दिलं. बूथमध्ये त्या बटणाचा फक्त टक असा आवाज आला. तेव्हा मला कळलं की हे काम माझ्याकडून होणार नाही.

माझा धंदाच आवाजाचा होता, म्हणून ते जास्त लागलं. लोक मला मालिकेतला मुलगा म्हणून ओळखायचे, पण मालिकेच्या आधी दीड वर्ष मी डबिंग करत होतो. तेही ठरवून झालं नव्हतं.

आम्ही कळव्याला राहतो. २०१७ च्या उन्हाळ्यात आईने मला ठाण्यात बालनाट्याच्या शिबिरात घातलं. शेवटी गडकरी रंगायतनला प्रयोग होता. आदल्या दिवशी दोन मुलांना कांजिण्या आल्या. त्यांच्या जागी दुसऱ्या मुलांना मुखवटे घालून उभं केलं, पण त्यांना संवाद येत नव्हते. मला सगळ्यांचे संवाद पाठ होते. सरांनी मला विंगेत उभं केलं आणि ससा, कावळा आणि माझं स्वतःचं अस्वल, तिघांचं मी बोललो. अस्वल म्हणून स्टेजवर जायचो आणि पळत परत विंगेत यायचो. प्रयोग संपल्यावर प्रेक्षकांतल्या एक बाई मागे आल्या आणि म्हणाल्या, "पडद्यामागून बोलणारा मुलगा कोण?" पुढे याच आमच्या मॅडम झाल्या.

पहिलं काम २०१८ च्या सुरुवातीला, परदेशी कार्टूनच्या मराठी आवृत्तीत एका छोट्या मुलाचं. कळव्याहून सकाळच्या गाडीत चढणं अवघड, म्हणून आई मला रिक्षाने ठाण्याला न्यायची, तिथून सुटणारी लोकल पकडायची, घाटकोपरला उतरून मेट्रोने अंधेरी. जाताना ती मला बोलू द्यायची नाही. गाडीच्या गोंगाटावर आवाज चढवून बोललं की घसा स्टुडिओत पोचायच्या आधीच दमतो, हे तिला दुसऱ्याच खेपेला समजलं होतं.

लोकांना वाटतं, डबिंग म्हणजे मराठीत लिहिलेलं वाचून दाखवायचं. बूथमध्ये तुम्ही एकटे असता. कानात मूळ भाषेतला आवाज, समोर चित्र, स्टँडवर कागद. एक वाक्य एकदोनदा पाहायचं, ते पात्र कुठे श्वास घेतं ते लक्षात ठेवायचं आणि त्याच श्वासावर आपलं वाक्य सुरू करायचं. समोरचं पात्र तुमच्याशी भांडत असतं, पण त्याचा मराठी आवाज कदाचित पुढच्या आठवड्यात रेकॉर्ड होणार असतो. म्हणजे भांडण एकट्याने करायचं. हात हलवायचे, पण कपड्यांचा आवाज होता कामा नये. माझा एक निळा विंडचीटर होता, तो पहिल्याच दिवशी बाहेर काढून ठेवावा लागला. घड्याळही. पोट रिकामं असलं तर त्याची गुरगुर माइकला बरोबर ऐकू जाते, म्हणून आई डब्यात पोळीचा लाडू द्यायची आणि सेशनच्या एक तास आधी खायला लावायची.

आणि ओठ. प, फ, ब, भ, म म्हणताना ओठ मिटतात. पडद्यावरच्या माणसाचे ओठ मिटले आणि तुमच्या वाक्यात तिथे यातलं एकही अक्षर नसलं, तर बघणाऱ्याला काय चुकलं ते सांगता येत नाही, पण खोटं वाटतं. इंग्रजीतलं 'स्टॉप' म्हणजे आम्हाला सणच. 'थांब' म्हटलं की ओठ तिथेच मिटतात. पण 'मॉम'? आपली 'आई' सुरुवातीपासून शेवटपर्यंत उघड्या तोंडाची. लांबच्या शॉटमध्ये खपते, क्लोजअपमध्ये मुलाचे ओठ दोनदा मिटताना दिसतात आणि आवाज येतो 'आई'. मॅडम 'मम्मी' करायला नाखूश असायच्या. मग त्या पेन्सिल घेऊन अख्खं वाक्य फिरवायच्या, 'आई' पुढे किंवा मागे ढकलायच्या आणि त्या जागी 'मला', 'बघ', 'पण' असं काहीतरी आणून ठेवायच्या. दहा वर्षांचा होतो, पण त्या पेन्सिलीकडे बघत बसायला मला खेळण्यापेक्षा जास्त आवडायचं.

माझे उच्चारही त्यांनीच घासले. मी इंग्रजी माध्यमाचा, माझे सगळे 'च' एकसारखे. "चार चाकं" हे दोनच शब्द त्यांनी मला पंचवीस वेळा म्हणायला लावले. चारमधला च टाळूचा, चाकातला दातांचा. 'जग' म्हणजे दुनिया आणि 'जग' म्हणजे जिवंत राहा, यातला फरक कागदावर दिसत नाही, तो कानानेच शिकावा लागतो. कळव्यापासून अंधेरीपर्यंत मी मनात हेच घोकत जायचो. आजही मराठी जाहिरातीत कुणी 'चमचा' हिंदीसारखा म्हटलं की माझा हात आपोआप पेन्सिल शोधतो.

२०१९ मध्ये मालिका मिळाली. घोडबंदर रोडला कासारवडवलीच्या पुढे एक बंगला भाड्याने घेतलेला, तेच आमचं घर. मी नायिकेचा धाकटा भाऊ. सात महिने. मेट्रोच्या कामाचे पत्रे रस्त्याच्या मधोमध उभे असायचे आणि कापूरबावडीच्या पुढे रिक्षा हलायची नाही. आई मागच्या सीटवर माझ्याकडून सहावीचा इतिहास वाचून घ्यायची.

इथे पालकांसाठी थोडं सांगतो, कारण मुलांच्या कामाचे नियम काय, हेच मला सर्वांत जास्त विचारलं जातं. १४ वर्षांखालच्या मुलाला घ्यायचं तर निर्मात्याला जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी काढावी लागते. बालकामगार कायद्याचे नियम २०१७ मध्ये बदलले, त्यात हे सगळं आहे. दिवसाला पाच तासांपेक्षा जास्त काम नाही, त्यातही विश्रांतीशिवाय सलग तीन तासांहून जास्त नाही. ओळीने २७ दिवसांपेक्षा जास्त नाही. आणि मुलाच्या कमाईतला निदान २० टक्के भाग राष्ट्रीयीकृत बँकेत त्याच्याच नावाने मुदत ठेवीत टाकायचा, तो १८ पूर्ण झाल्यावरच त्याला मिळतो. माझी आई शांत स्वभावाची आहे, पण हे पाच तास तिने कधी सोडले नाहीत. पाच झाले की ती माझी पिशवी उचलून कॅमेऱ्याच्या मागे येऊन उभी राहायची. एकदा तिला बरंच ऐकून घ्यावं लागलं. "एकच शॉट राहिलाय, तेवढ्यासाठी उद्या पुन्हा लायटिंग करायचं का?" ती म्हणाली, "करा." घरी येईपर्यंत ती रिक्षात एक शब्द बोलली नाही, आणि दुसऱ्या दिवशी त्यांनी खरंच लायटिंग केलं. आपल्या मुलाला या क्षेत्रात घालणाऱ्या प्रत्येक आईबापाने एवढं तरी करावं असं मला मनापासून वाटतं. सेटवर वाईट माणसं असतात म्हणून नव्हे. सगळ्यांना एपिसोड द्यायचा असतो आणि त्या घाईत मूल थकलंय हे कुणाच्याच लक्षात येत नाही.

कामाच्या बाबतीत मालिका मला डबिंगपेक्षा जड गेली. बूथमध्ये मला दुसऱ्याच्या श्वासामागून जायची सवय होती. इथे पुढे कुणीच नव्हतं. सगळा प्रसंग दिसतो तो मास्टर शॉट झाला की तोच प्रसंग समोरच्याच्या खांद्यावरून, म्हणजे सजेशन, मग चेहऱ्याचा क्लोज, आणि प्रत्येक वेळी ग्लास त्याच शब्दावर उचलायचा. सहायक दिग्दर्शक बाजूने संवाद प्रॉम्प्ट करायचे, तर माझे डोळे नकळत आवाजाच्या दिशेला जायचे. दिग्दर्शक मला सांगायचे, "तुझा आवाज रडतो, चेहरा रडत नाही." ते खरं होतं. चेहऱ्याने ऐकायला शिकायला मला तीन महिने लागले. पैसे काम झाल्यावर तीन महिन्यांनी यायचे, १० टक्के टीडीएस कापून. टीआरपी घसरला, मालिका बंद झाली, आम्हाला नऊ दिवस आधी कळलं.

मग फेब्रुवारी २०२० मध्ये तो चित्रपट. गुहागर तालुक्यात १२ दिवस. माझ्या वडिलांचं काम करणारे काका मूळचे तिकडचेच. आम्ही उतरलो होतो त्या घरामागे विहीर होती. ते मला म्हणाले, "शहरातली पोरं टाकीत पोहतात. तुला विहिरीत शिकवतो, पाठीला डबा बांधून." रोज शूट लांबायचं आणि रोज ते म्हणायचे, उद्या. शेवटचा दिवस धोपाव्याच्या धक्क्यावरचा. फेरीबोटीच्या वेळा सांभाळून शॉट घ्यायचे होते. काका त्या शॉटनंतर बोटीतूनच पलीकडे दाभोळला उतरून पुढे जाणार होते, त्यांचं दुसरं काम होतं. "मी घर सांभाळतो. तुम्ही जा," हे मी बोललो. कट आला नाही. बोट सुटायला लागली, कॅमेरा माझ्यावर तसाच होता, आणि माझ्या तोंडून काहीतरी निघून गेलं. बोटीच्या इंजिनात आणि वाऱ्यात ते कुणालाच ऐकू गेलं नाही. दिग्दर्शकांनी येऊन मला मिठी मारली. म्हणाले, "शेवटी जे पुटपुटलास ना, तेच ठेवणार."

१९ मार्चला सगळीकडची शूटिंगं थांबली. नंतरचं सगळ्यांना माहीत आहे. त्या घरात बसलेल्या महिन्यांत माझा आवाज बदलला, आणि मला वाटतं तो बदलताना कुणी नीट ऐकलाच नाही. शाळा मोबाइलवर, माइक बहुतेक वेळ बंद. जूनमध्ये आजोबांनी फोनवर मला बाबा समजून दहा मिनिटं लाईटबिलाबद्दल सांगितलं. मला आनंद झाला होता तेव्हा, मोठा झालो म्हणून. चित्रपटाचं डबिंग बाकी आहे हे लक्षातही नव्हतं.

डिसेंबरमध्ये डबिंगची वेळ आली तेव्हा लोकल सामान्य लोकांसाठी बंद होत्या. बाबा मला स्कूटरवर घाटकोपरपर्यंत आणि तिथून मेट्रोने अंधेरीला घेऊन गेले. धक्क्यावरचा मूळ आवाज वापरण्यासारखा नव्हता, नुसतं इंजिन. त्यामुळे तो प्रसंग पूर्ण डब करणं भाग होतं. अकरा टेक झाले ते वर सांगितलंच. मग त्यांनी माझा आवाज मशीनवर वरच्या पट्टीत चढवून पाहिला. तो पत्र्याच्या डब्यातून आल्यासारखा लागत होता. शेवटी मॅडमनी विचारलं, "बाळा, ते बोट सुटताना तू काय म्हणालास? ओठ हलतात, पण स्क्रिप्टमध्ये काहीच नाही."

मला चांगलं आठवत होतं. पण त्या क्षणी माझ्या गळ्यातून कुठला आवाज निघेल याची मला इतकी भीती वाटत होती की मी मान हलवली. "आठवत नाही."

परतीच्या मेट्रोत बाबा म्हणाले, "लता फार छान गाते, पण पडद्यावर ती नसते. तसंच आहे हे." त्यांना समजवायचं होतं. मी तोंड खिडकीकडे केलं.

कळव्यातल्या एका कान-नाक-घशाच्या डॉक्टरांनी मात्र जे सांगितलं ते आधी कुणीतरी सांगायला हवं होतं. मुलग्याचं स्वरयंत्र या वयात वाढतं, स्वरतंतू लांब आणि जाड होतात, आणि आवाज साधारण एका सप्तकाने खाली येतो. नवं वाद्य हातात आल्यासारखं असतं, मेंदूला ते वाजवायची सवय व्हायला वेळ लागतो. त्या काळात जुना आवाज ओढून काढायचा नाही, ओरडायचं नाही. कुजबुजायचंही नाही, त्यानेही ताण येतो. मी चार महिने बहिणीला ऐकू येणार नाही अशा बेताने कुजबुजतच बोलत होतो! बालकलाकारांच्या आवाजावर काम चालवणाऱ्या सगळ्यांनी मुलगा बारा वर्षांचा झाला की त्याला बसवून हे सांगावं. आजारी पडल्यासारखं वाटतं नाहीतर.

माझ्या जागी एका मुलीने डबिंग केलं. लहान मुलग्यांचे आवाज मोठ्या मुलींनी, बायकांनी देणं या धंद्यात अगदी नेहमीचं आहे, हे मला माहीत होतं. मी स्वतःही तोवर कितीतरी अनोळखी मुलांच्या तोंडी माझा आवाज घातला होता. तरी २०२२ मध्ये ठाण्यात तो चित्रपट पाहिला तेव्हा पहिली वीस मिनिटं मला गोष्ट समजलीच नाही. मी फक्त ऐकत होतो. ती फार चांगली होती. माझ्यासारखीच 'ळ'वर किंचित रेंगाळत होती. म्हणजे तिने माझं जुनं काम मागवून ऐकलं असणार. मग धक्का आला. "मी घर सांभाळतो. तुम्ही जा." बोट सुटली. आणि माझे ओठ हलले, आणि ती म्हणाली, "परत याल ना?"

माझ्या शेजारच्या बाईंनी पदर डोळ्यांना लावला. नंतर जो भेटला तो त्याच वाक्याबद्दल बोलला, शाळेतसुद्धा. मी थँक्यू म्हणायचो. श्रेयनामावली मी शेवटपर्यंत थांबून वाचली, चहावाल्यांचं, गाडीवाल्यांचं नाव होतं, तिचं नव्हतं. हे चुकीचं आहे. तेव्हा मी पंधरा वर्षांचा होतो आणि कुणाला सांगायचं ते कळलं नाही, म्हणून आत्ता लिहितोय. ज्याचा आवाज त्याचं नाव, एवढी एक ओळ पडद्यावर मावते.

पुढची तीन वर्षं काम नव्हतं. ना मुलगा, ना पुरुष. दहावी झाली, कॉलेजात एकांकिका केल्या, पहाटे मंद्रातला सा लावत बसलो. यात सांगण्यासारखं फार नाही.

गेल्या ऑगस्टमध्ये १८ पूर्ण झाली. दुसऱ्याच आठवड्यात आई आणि मी बँकेत गेलो. खातं सज्ञान करायचं, नवी सही, पुन्हा आधार, पॅन. काउंटरवरच्या बाईंनी विचारलं, "एवढ्या लहानपणी कसली एफडी?" आईने मान वर करून सांगितलं, "त्याच्या कामाची." व्याजासकट ८८ हजारांच्या आसपास आले. त्यातून माइक घेतला, तो कॉम्प्युटरला जोडणारा इंटरफेस घेतला. कपाटात आजीच्या चार गोधड्या टांगल्या की आमच्या घरातलं आवाज गिळणारं तेवढं एकच ठिकाण तयार होतं. गाड्यांचा आवाज तरी येतोच. कळव्याला राहून लोकलच्या कारशेडशी भांडता येत नाही, मी रात्री दीडनंतर आवाजाचे नमुने रेकॉर्ड करतो आणि सकाळी पाठवतो.

नोव्हेंबरमध्ये मॅडमनी गर्दीच्या आवाजांसाठी बोलावलं. बाजार, लग्न, स्टेशन असे प्रसंग असले की सातआठ जण माइकभोवती उभे राहून एकदम बोलतात, कुणाचंही वाक्य वेगळं ऐकू येता कामा नये. मधल्या सुट्टीत एक जण माझ्याजवळ आली. पंचविशीची असेल. तिने माझं पूर्ण नाव घेतलं आणि म्हणाली, "दोन दिवस तुझ्या ओठांकडे बघत बसले होते मी. तुझा खालचा दात थोडा तिरका आहे ना?"

मी म्हणालो, "तुम्ही... तो चित्रपट..."

"तुम्ही काय म्हणतोस, ताई म्हण."

मग तिनेच विचारलं. इतकी वर्षं तिच्या डोक्यात ते होतं. 'परत याल ना' मॅडमनी आणि तिने मिळून तिथल्या तिथे शोधलं होतं, ओठांवरून. "पण पहिलं अक्षर मला कधी पटलं नाही. तिथे प आहे हे नक्की, ओठ मिटतात. पण उघडताना ते गोल होतात रे. 'परत'ला गोल नाही होत. काय म्हणालास तू?"

मी सांगितलं. विहिरीचं, डब्याचं, रोज उद्यावर गेलेल्या पोहण्याचं. काका बोटीत चढले तेव्हा मला कळलं होतं की आता ते होणार नाही. मी म्हणालो होतो, "पोहायचं राहिलं."

ती थोडा वेळ काही बोलली नाही. मग आवाज न करता, नुसत्या ओठांनी तिने ते म्हणून पाहिलं. पो-हाय-चं-रा-हिलं. मग परत-याल-ना. पुन्हा पहिलं.

"पो," ती म्हणाली. "हाच तो गोल."

आतून रेकॉर्डिस्ट दादांनी हाक मारली. पुढचा प्रसंग मासळीबाजाराचा होता. तिने माझ्यासाठी माइकजवळ जागा केली.